मजकुराची चाहूल

मोबाईल फोनच्या पडद्यावर एक रिकामी चौकट दिसते. तिच्यात आपण नाव, पत्ता किंवा शोधावयाचा शब्द लिहितो. पूर्वी संगणकावरील अर्जात सगळा मजकूर लिहून झाला, की ‘पाठवा’ हे बटण दाबावे लागे आणि त्यानंतरच आपण काय लिहिले ते संगणक पाहत असे. आता तसे राहिलेले नाही. पहिले अक्षर उमटते न उमटते तोच चौकटीखाली शब्दांची यादी येते. चुकीचा आकडा लिहिला तर चौकटीची कड तांबडी होते. लिहिण्याजोगी किती जागा उरली ते कोपऱ्यात दिसू लागते. आपण बटण दाबलेले नसते, तरीही ॲपला आपल्या लेखनाची चाहूल लागलेली असते. ही चाहूल कशी लागते आणि आपल्या लिपीच्या बाबतीत ती अधूनमधून फसते का, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. भारतातील पहिली भुयारी रेल्वे कोलकाता शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या मार्गावर धावू लागली. पुढे हा मार्ग उत्तरेस आणि दक्षिणेस वाढत गेला, नव्या मार्गिका जोडल्या गेल्या आणि मार्च २०२४ मध्ये हुगळी नदीच्या पात्राखालून हावडा मैदानाकडे जाणारी गाडीही सुरू झाली. या वाढीबरोबर काही स्थानकांची नावेही बदलली. भवानीपूरचे ‘नेताजी भवन’ झाले, तर टॉलीगंजचे ‘महानायक उत्तमकुमार’. अशा शहरात नोकरीसाठी नव्याने आलेल्या मराठी माणसाला देवनागरीत नाव लिहून स्थानक शोधता यावे, असे एक लहानसे ॲप आपण तयार करीत आहोत, अशी कल्पना करा. त्याने चौकटीत ‘रवींद्र’ असे लिहिले, तर यादीत ‘रवींद्र सदन’ आणि ‘रवींद्र सरोवर’ अशी दोन नावे यावीत. पुढे ‘स’ लिहिला तरी दोन्ही नावे तशीच राहावीत. त्यापुढे ‘द’ लिहिला, की सरोवर गळावे आणि सदन उरावे. प्रत्येक अक्षरागणिक यादी अशी आटोपशीर होत जावी, तर चौकटीतील प्रत्येक बदल ॲपला तत्काळ कळला पाहिजे.

हे साधण्याचे दोन मार्ग संभवतात. ॲपने दर क्षणाला चौकटीत डोकावून ‘काही बदलले का?’ असे पाहत राहावे, हा पहिला. पत्राची वाट पाहणाऱ्याने दर घटकेला टपाल कचेरीत हेलपाटा घालावा, तसा हा प्रकार आहे. त्यात श्रम फार आणि फोनची विद्युतशक्तीही व्यर्थ खर्ची पडते. दुसरा मार्ग पोस्टमनचा. पत्र आले की तोच दार वाजवतो. आजच्या सर्व मोबाईल कार्यप्रणाली हाच मार्ग वापरतात. ॲप तयार करणारा आज्ञावलीकार चौकटीपाशी एक ऐकणारा नेमून ठेवतो आणि बदल झाला की कार्यप्रणाली त्याला सूचना देते.

अँड्रॉइड प्रणालीत या ऐकणाऱ्याला ‘टेक्स्टवॉचर’ असे नाव आहे. त्याला एका बदलाच्या तीन सूचना मिळतात. बदल होण्यापूर्वीची पहिली, बदल होतानाची दुसरी आणि बदल पुरा झाल्यावरची तिसरी. त्यांपैकी दुसरीमध्ये तीन आकडे असतात. बदल कोणत्या जागेपासून झाला, किती चिन्हे गेली आणि किती आली. आयफोनची रीत थोडी निराळी आहे. तेथे चौकट बदलापूर्वी चक्क परवानगी मागते. ‘अमुक जागी अमुक मजकूर घालावयाचा आहे, घालू का?’ असा प्रश्न येतो आणि आज्ञावलीने नकार दिला तर ते अक्षर पडद्यावर उमटतच नाही. बदल झाल्यानंतरची सूचना अर्थातच वेगळी मिळते. आणखी एक भेद येथेच सांगून ठेवतो, कारण नवशिके त्यात हमखास अडखळतात. चौकटीतील मजकूर माणसाने नव्हे, तर आज्ञावलीनेच बदलला तर काय होते? अँड्रॉइडचा टेक्स्टवॉचर तेव्हाही जागा होतो. आयफोनच्या जुन्या, परंतु आजही प्रचलित असलेल्या पद्धतीत मात्र माणसाने केलेल्या बदलाचीच सूचना येते.

या भेदातून एक गमतीदार अडचण उद्भवते. ऐकणाऱ्याने बदलाची सूचना मिळताच मजकुरात स्वतः सुधारणा केली, समजा प्रत्येक सूचनेनंतर शेवटी एक पूर्णविराम जोडला, तर ती सुधारणाही बदलच ठरते. तिची सूचना पुन्हा त्याच्याकडेच येते, तो पुन्हा पूर्णविराम जोडतो, पुन्हा सूचना येते. आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीला कोणी उत्तर देत राहावे तसे हे चक्र चालते आणि अखेर ॲप बंद पडते. म्हणून जाणता आज्ञावलीकार स्वतः बदल करण्यापूर्वी ऐकणाऱ्याचे कान क्षणभर झाकून ठेवतो, किंवा नवा मजकूर जुन्याहून खरोखर निराळा आहे का, ते आधी तपासतो.

चाहूल लागल्याबरोबर धाव घेणेही नेहमी इष्ट नसते. स्थानकांची यादी दूरच्या संगणकावरून येत असेल, तर प्रत्येक अक्षराला एक विचारणा पाठवणे म्हणजे ‘कालीघाट’ या एका शब्दासाठी अनेक विचारणा पाठवणे. शिवाय उत्तरे विचारल्या क्रमानेच येतील, असा भरवसा नसतो. ‘कालीघाट’चे उत्तर आधी आले आणि ‘का’चे रेंगाळलेले उत्तर मागाहून आले, तर लिहिणाऱ्यासमोर नको ती लांबलचक यादी उभी राहते. म्हणून बदलाची सूचना आल्यावर सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा थांबावे, तेवढ्यात नवा बदल आला तर पुन्हा पहिल्यापासून थांबावे आणि लिहिणाऱ्याचा हात स्थिरावला, की मगच विचारणा करावी, अशी पद्धत रूढ झाली आहे. समोरचा माणूस बोलत असताना त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, हे आपण व्यवहारात पाळतोच.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेला लागू पडेल. परंतु आपल्या मूळ प्रश्नाचा अवघड भाग यापुढे आहे. ‘बदल’ म्हणजे नेमके काय? रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तेथे एक कळ दाबली की एक अक्षर पुरे होते. आपल्याकडे अक्षर घडावे लागते. ‘रवींद्र’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मात्र तो सात चिन्हांचा आहे. र, व, दीर्घ ईकाराची वेलांटी, अनुस्वार, द, हलन्त आणि पुन्हा र. चौकटीतील ऐकणाऱ्याला या सातही पायऱ्या स्वतंत्रपणे कळू शकतात. सहाव्या पायरीवर, म्हणजे हलन्त उमटल्यावर, शब्द अर्धवट असतो आणि सातवी पायरी येताच आधीच्या ‘द्’चा आकार पालटून ‘द्र’ होतो. ‘सियालदह’ लिहिताना तर आणखी मौज आहे. ऱ्हस्व इकार आपण ‘स’नंतर टंकित करतो, पण पडद्यावर तो ‘स’च्या डावीकडे जाऊन बसतो. मागाहून आलेले चिन्ह पुढे दिसते.

अर्धवट अक्षराची ही स्थिती फोनचा कळफलक जाणतो. रोमन कळा दाबून देवनागरी मजकूर मिळवून देणारे कळफलक तर संपूर्ण शब्दच काही काळ कच्चा ठेवतात. पडद्यावर त्या शब्दाखाली बारीक रेघ दिसते. अशा मजकुराला जुळणीतला मजकूर म्हणता येईल. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही प्रणाली त्याची निराळी नोंद ठेवतात. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. ‘रव’नंतर वेलांटी आली, तर ऐकणाऱ्याला ‘एक चिन्ह वाढले’ अशी सूचना यावी, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा ‘पहिल्या जागेपासून दोन चिन्हे गेली, तीन आली’ अशी सूचना येते, कारण कळफलकाने जुळणीतला सबंध शब्दच नव्याने ठेवलेला असतो. ज्याने हे लक्षात घेतले नाही, तो आज्ञावलीकार जुळणी चालू असतानाच मजकूर ‘सुधारण्या’स जातो आणि लिहिणाऱ्याचा अनुभव असा येतो, की अक्षरे दुप्पट उमटतात, मात्रा गळतात किंवा लेखनाची खूण भलतीकडे उडी मारते. लिहिणाऱ्याला वाटते, आपलाच हात चुकला. हात चुकलेला नसतो.

जुळणी हा शब्द छापखान्यातला. आपले उदाहरण कोलकात्याचे आहे, म्हणून एक जुना संबंध येथे सांगण्यासारखा आहे. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली त्या शहराच्या उत्तरेस, हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे छापले गेले. म्हणजे मराठीच्या मुद्रणाचा एक महत्त्वाचा आरंभ महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमध्ये झाला. तेथील खिळे घडवण्याच्या कामात पंचानन कर्मकार यांचा मोठा वाटा होता. जोडाक्षरे आणि मात्रा यांच्यामुळे आपल्या लिप्यांना शेकडो निरनिराळे खिळे लागत. जुळारी एकेक खिळा हातातल्या पट्टीत बसवीत असे आणि ओळ पुरी होईपर्यंत ती पट्टी त्याच्याच हाती राही. ती ओळ अजून कच्ची आहे, हे छापखान्यात सर्वांना ठाऊक असे.

पुढे याच शहरातील ‘आनंदबाजार पत्रिका’ या दैनिकाने १९३५ साली बंगाली लायनोटाइप यंत्र स्वीकारले, तेव्हा शेकडो खिळ्यांची संख्या यंत्राला पेलेल इतकी कमी करावी लागली. त्यासाठी अक्षरांचे काही आकार मोडावे लागले. सुमारे ४५ वर्षांनी फिओना रॉस आणि टिम हॉलोवे यांनी लायनोटाइपसाठी बंगाली लिपीची नवी अक्षरे घडवली, तेव्हा परिस्थिती पालटली होती. संचालकाने उच्चाराच्या क्रमाने कळा दाबाव्या आणि आधीच्या-नंतरच्या चिन्हांकडे पाहून कोणता आकार निवडावयाचा ते संगणकाने ठरवावे, अशी व्यवस्था त्या वेळी झाली. नवी कळ दाबली, की मागच्या अक्षराचा पुनर्विचार करावयाचा, हे तत्त्व तेथे अमलात आले. आज आपल्या खिशातील फोन ‘द्’चा ‘द्र’ करतो, तो याच तत्त्वावर.

आता आपल्या स्थानकांच्या यादीकडे परत येऊ. समजा, मूळ यादी बंगाली लिपीत आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आणि बंगाली या लिप्यांना १२८ जागांचे लागोपाठचे दोन विभाग दिलेले आहेत आणि समान उच्चाराची अक्षरे समान क्रमांकांवर ठेवलेली आहेत. देवनागरी ‘क’चा संकेतांक २३२५ आहे, बंगाली ‘क’चा २४५३. फरक १२८. भारतीय लिप्यांसाठी आपल्या देशात आधीच जी संकेतप्रणाली ठरली होती, तिच्या मांडणीवरून हे साम्य आले. तेव्हा बंगाली नावातील प्रत्येक संकेतांकातून १२८ वजा केले, की देवनागरी नाव हाती येईल, असे वाटते. प्रयोग करून पाहा. बंगाली लिपीत ‘कोलकाता’ हे नाव पहिल्या अक्षराला ओकार न देता लिहितात, कारण त्या भाषेत तेथील ‘अ’चा उच्चारच ओकाराकडे झुकतो. वजाबाकीनंतर आपल्याला मिळते ‘कलकाता’. ‘रवींद्र’चे तर ‘रबीन्द्र’ होते. बंगालीत ‘व’ला वेगळे अक्षर नाही; बंगाली विभागात ‘व’ची जागा रिकामीच ठेवलेली आहे आणि ‘ळ’चीही. मराठी माणूस ‘व’ लिहील, यादीत ‘ब’ असेल. तो अनुस्वार देईल, यादीत ‘न्’ असेल. बदलाची चाहूल अचूक लागूनही उत्तर मिळेल ‘असे स्थानक नाही’. म्हणून चांगल्या ॲपला अशी जोडरूपे मुद्दाम शिकवावी लागतात आणि टॉलीगंज लिहिणाऱ्यालाही महानायक उत्तमकुमार स्थानकापर्यंत पोहोचवावे लागते. गणिताने येथवर नेले. पुढे भाषेची जाणच लागते.

खुद्द मराठीतही एकच शब्द दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा रकार कळफलकागणिक वेगवेगळ्या चिन्हांनी तयार होतो. एका रीतीने त्या शब्दाची चिन्हे पाच भरतात, दुसऱ्या रीतीने सहा, कारण दुसरीत एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही ‘दऱ्या’ एकच. यंत्राला ते दोन शब्द. तुलना करण्यापूर्वी दोन्ही रूपे एका साच्यात आणली नाहीत, तर चौकटीतील मजकूर बदललेला नसतानाही तो बदलला, असे ॲप म्हणू शकते.

यात निव्वळ गैरसोयीहून अधिक काही गुंतलेले आहे. पुष्कळ अर्जांत नावाच्या चौकटीवर ‘फक्त अक्षरेच चालतील’ असा निर्बंध असतो आणि तो प्रत्येक बदलाला तपासला जातो. युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरे’ नव्हेत. ती ‘खुणा’ या निराळ्या वर्गात मोडतात. ज्या आज्ञावलीकाराने केवळ अक्षरांचा वर्ग तपासला, त्याच्या चौकटीत ‘रव’ चालते आणि ‘रवी’ लिहिताच तांबडी कड येते. नावाच्या लांबीवर मर्यादा असली, की दुसरा पेच. ‘ज्योत्स्ना’ हे नाव दोन अक्षरांचे दिसते, पण चिन्हे भरतात दहा. रोमन लिपीतील तेच नाव सात अक्षरांत आटोपते. फोनवरून पाठवण्याच्या लघुसंदेशाचीही तीच गत आहे. साध्या रोमन मजकुराला एका संदेशात १६० चिन्हांची जागा मिळते, तर देवनागरी मजकुराला ७० चिन्हांचीच. स्वतःचे नाव लिहिल्यावर ‘नाव चुकीचे आहे’ असे उत्तर ज्याला मिळते, तो बहुधा वाद घालत बसत नाही. रोमन लिपीत नाव लिहून मोकळा होतो. पुढे त्याच्या कागदपत्रांवरही तेच रूप उमटते. आज्ञावलीतील एका अपुऱ्या तपासणीमुळे माणसे आपली लिपी सोडतात, हे भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावे असे नाही.

चाहुलीची दुसरी बाजू याहून नाजूक आहे. चौकटीचा ऐकणारा प्रत्येक बदल ऐकतो. म्हणजे आपण लिहिलेले आणि मग पुसून टाकलेलेही ऐकतो. रागाच्या भरात लिहिलेले वाक्य खोडले, पाठवलेच नाही, तरी ते लिहिले जात असताना ॲपला कळू शकत होते. सौविक दास आणि ॲडम क्रेमर या संशोधकांनी २०१३ साली फेसबुकवरील ३९ लाख वापरकर्त्यांच्या १७ दिवसांच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचांहून अधिक चिन्हे लिहून दहा मिनिटांत ती न पाठवणे, याला त्यांनी ‘शेवटच्या क्षणी आवरलेले लेखन’ मानले. शेकडा ७१ लोकांनी त्या काळात निदान एकदा असे केले होते. लिहिलेला मजकूर आपण गोळा केला नाही, केवळ लिहिले आणि पाठवले नाही एवढीच नोंद घेतली, असे त्या संशोधकांनी स्पष्ट केले आहे. परंतु अशी नोंद घेता येते, हे त्यातून जगाला कळले. पूर्वी पत्राचा कच्चा मसुदा फाडून टाकला, की तो गेला.

या दृष्टीने जबाबदार आज्ञावलीकाराचे काही संकेत आहेत. यादी फोनमध्येच साठवता येण्याजोगी असेल, तर शोध फोनमध्येच करावा. दर अक्षराला मजकूर बाहेर धाडू नये. कोलकात्याच्या भुयारी रेल्वेची स्थानके ती किती असणार? ती सगळी नावे फोनच्या एका कोपऱ्यात मावतात. गुप्त संकेतशब्दाची चौकट तशी आहे, हे कळफलकाला आधीच सांगावे, म्हणजे तो त्यात लिहिलेले शब्द लक्षात ठेवून पुढे सुचवत नाही. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक विदेच्या संरक्षणाच्या कायद्यातही, माणसाने दिलेली संमती सांगितलेल्या हेतूपुरत्या आवश्यक माहितीलाच लागू होते, असे तत्त्व आहे. स्थानक शोधण्यासाठी पुसलेल्या शब्दांची गरज नसते.

ऐकणाऱ्याला निरोप देणे हेही कामाचाच भाग आहे. चौकट असलेला पडदा बंद झाला, की त्याची नेमणूक रद्द करावी लागते. काही पद्धतींत ही आज्ञा आज्ञावलीकाराला आवर्जून लिहावी लागते. ती लिहावयाची राहिली, तर चौकट नाहीशी झाल्यावरही ऐकणारा फोनच्या स्मृतीत जागा अडवून बसून राहतो.